चुकीचं सांगणारे मास्टरसाब

मास्टरसाब लातूरला माझ्या क्लासवर आले तेव्हा आधी वर आलेच नाहीत. रस्त्याच्या पलीकडं रसवंतीपाशी उभं राहून त्यांनी माझा फोटो न्याहाळला. फोटो बराच मोठा होता. इमारतीच्या दुसऱ्या मजल्यापासून तिसऱ्यापर्यंत मी हाताची घडी घालून पसरलो होतो. अंगातला निळा कोट फोटोवाल्याचा, चेहऱ्यावरचा आत्मविश्वासही बहुधा त्याचाच.

"हे कोण हो?" त्यांनी रसवाल्याला विचारलं. "कापडदुकानवाले का?"

"न्हाई चाचा, सर हायत. केमिस्ट्री शिकिवतेत."

"असं? मी तर ऐकलं, धाव्वी नापास हाय. मुरुडला पंक्चर काढायचा."

झालं! रसवाल्यानं चाक थांबवलं. मी देगलूरकडचा, माझे वडील तिथल्या अडतीवर मुनीम होते, मी एमेस्सी शिकलो, आधी एका गावाच्या शाळेवर होतो, शाळा सोडून लातूरला का आलो, पहिल्या भागीदाराशी माझं कशावरून फाटलं आणि माझी बायको रस बिनबर्फाचा का मागते, इतकं सगळं त्या भल्या माणसानं माझी बाजू घेऊन, पोटतिडकीनं, रसाचा एक ग्लास संपेपर्यंत सांगून टाकलं. मास्टरसाब जिना चढून वर आले, खुर्चीत टेकले, टोपीनं वारा घेतला आणि म्हणाले, "भागीदाराचं मला कळवलं का नाहीस रे?"

ही त्यांची रीत. ते कुणाला काही विचारायचेच नाहीत. "विचारलं की माणूस दार लावून घेतो," ते म्हणायचे. "चुकीचं सांग, दार उघडून अंगावर येतो. आलेल्याला बसवून घ्यायचं, चहा पाजायचा."

मी ज्या शाळेवर विज्ञानाचा मास्तर म्हणून लागलो, तिथं ते इतिहास शिकवायचे. घराणं मणियारांचं. बाजारपेठेत बांगड्यांचं दुकान होतं, ते त्यांचा भाऊ चालवायचा. मास्टरसाबांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता, गावाचा इतिहास लिहून ठेवायचा. आमच्या गावाला गॅझेटिअरात अडीच ओळी मिळालेल्या होत्या आणि त्यातली दीड ओळ पावसाच्या सरासरीची होती. हा अपमान त्यांना रोज नव्यानं व्हायचा. "म्हणजे इथं पाऊसच राहतो का? माणसं राहत नाहीत?"

काळी टोपी, पायजमा, आणि सदऱ्याच्या खिशात कायम खडू. त्यामुळं तो खिसा धुऊनही पांढराच राहायचा. चहा अर्धा प्यायचे आणि अर्धा समोर ठेवायचे. चहा संपला की उठावं लागतं, म्हणून. कुणी त्यांच्या बोलण्याला "बरोबर हाय मास्तर" म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा. हो म्हणणाऱ्या माणसाचा त्यांना संशय यायचा, आजारी हाय का बिचारा, असा.

त्यांच्या बायकोला आम्ही चाची म्हणायचो. ती पानाच्या डब्याशी बसून तक्रार करायची, "निकाह के टैम पे बी काजीसाब को मेरे बावा का नाम गलत बताए इनो! पूरी बिरादरी उठके खडी हो गई."

"तो क्या," मास्टरसाब आतून ओरडायचे, "उसी दिन तुम्हारी सात पिढ्यांची वंशावळ मिळाली की नाही मला?"

गावाची वेस कुणी बांधली हे त्यांनी असंच काढलं. बाजाराच्या दिवशी वेशीखाली गवंडी कामाची वाट बघत बसायचे. त्यांच्यात जाऊन हे मोठ्यानं म्हणाले, "काय काम केलंय बघा हैदराबादच्या कारागिरांनी! आपल्याकडं कुणाला जमलं नसतं." एक म्हातारा गवंडी तंबाखू चोळत होता, ती त्याच्या हातातच राहिली. "हैदराबादचे? मग माझा पणजा काय इथं गोट्या खेळायलता?" त्यानं मास्टरसाबांचं मनगट धरलं, वेशीच्या डाव्या बुरुजापर्यंत ओढत नेलं आणि कमरेइतक्या उंचीवर दगडात कोरलेली छोटी मासोळी दाखवली. पणज्याची खूण. रोज तिच्याखालनं जाणाऱ्या गावाला ती माहीत नव्हती. गवंड्यांच्या घरात सगळ्यांना माहीत होती, पण त्यांना कुणी कधी खोटं सांगितलंच नव्हतं.

मोहरमच्या सवारीपुढं जी मशाल चालते, तिला पहिलं तेल कुणाच्या घरचं, यावर त्यांनी एकदा मारुतीच्या पारावर सांगितलं की पाटलांचं. पाटील खूश झाले. तेली गल्ली सगळीच्या सगळी मास्टरसाबांच्या दारात आली. चाचीनं सगळ्यांना पाणी दिलं आणि नवऱ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती मी अजून विसरलो नाही. दुपारपर्यंत तेलाचा, नारळाचा, खांद्याचा, ढोलाचा, सगळ्यांचे मान कुणाकडून कुणाकडं आले ते मास्टरसाबांना मिळालं. त्या वर्षी सवारी उशिरा निघाली. पुढं पहिलं तेल तेल्यांचं आणि पाटलांनी फक्त वात लावून द्यायची, असं ठरलं. ते आजतागायत चालू आहे.

त्यांची ही रीत फक्त नांदेडला हरली. तिथल्या एका परिसंवादात त्यांना स्थानिक इतिहासावर बोलायला बोलावलं होतं. मी सोबत, पिशवी धरायला. समोर प्राध्यापक मंडळी बघून मास्टरसाबांना उधाण आलं. त्यांनी पहिल्याच वाक्यात असं काही चुकीचं ठोकून दिलं की गोदावरीनं पात्र बदलावं. मग थांबले, भांडण सुरू होईल म्हणून. सभागृहात पंखे फिरत होते. दोघांनी मान डोलावली. एकानं लिहून घेतलं. शेवटी शाल, नारळ आणि टाळ्या. परतीच्या एसटीत अहमदपूर आलं तेव्हा म्हणाले, "सगळे शिकलेले रे. कुणीच भांडलं नाही." आणि शाल माझ्या अंगावर टाकून खिडकीकडं तोंड करून झोपले.

लातूरच्या त्या भेटीत मी त्यांना वर्गात नेलं. पोरं खाली मान घालून प्रश्नपत्रिका सोडवत होती. एवढी पोरं आणि एवढी शांतता, हे त्यांना मानवेना.

"हे बोलत का नाहीत?"

"परीक्षा चालू हाय मास्टरसाब. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात आता."

"चुकलं तर कापतात?" ते दारातच थांबले. "मिळालेले?"

"मिळालेले."

त्यांनी वर्गाकडं अशा काही चेहऱ्यानं पाहिलं की जणू मी तिथं पोरांना उपाशी ठेवलंय. जाताना एका पोराच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, पाणी शंभरला गोठतं ना?" पोरगं हडबडून म्हणालं, "हो सर." मास्टरसाब माझ्याकडं वळले. त्यांचा चेहरा उतरलेला होता. मी त्या पोराची फी परत करायला तयार होतो.

आता त्यांच्या रीतीची नक्कल मी केली नसती तर तो मी नव्हतोच. शाळेवर लागून वर्षही झालं नव्हतं. बसस्टँडच्या बाहेर एक दगडी खांब होता, कमरेइतका, एका बाजूला कललेला. तो कशाचा हे मला कळेना. विचारणं तर आमच्या गुरूंना मंजूर नाही. म्हणून मी न्हाव्याच्या खुर्चीत, अर्धी दाढी झालेली असताना, सहज सोडून दिलं, "त्या खांबाला म्हणे राणीचा हत्ती बांधायचे."

आता दुकान उसळेल, कुणीतरी माझं मनगट धरेल, म्हणून मी गाल पुढं करून वाट बघत बसलो. न्हाव्यानं वस्तरा थांबवला. क्षणभर विचार केला.

"तरीच," तो म्हणाला.

"तरीच काय?"

"तरीच वाकलाय तो."

बाकावरचे दोघं म्हणाले, व्हय, हत्तीचा जोर असतोय. पंधरवड्यात खांबाला शेंदूर लागला. मग एक घंटा आली. मग बाजूचा पानवाला नारळ ठेवू लागला. क्लासचं वेड आलं तसं लातूरला निघणारी पोरं बसमध्ये चढायच्या आधी हत्तीबाबाला हात लावून जाऊ लागली, आणि माझ्या क्लासला नंबर लागला की तिथं पेढे. म्हणजे मीच बनवलेल्या देवाला नवस बोलून पोरं माझ्याकडंच येत होती. या व्यवसायात इतकी सोय दुसऱ्या कुणाची झाली नसेल.

तो खांब खरं म्हणजे बैलांना नाल मारताना बांधायचा होता. हे मास्टरसाबांना ठाऊक होतं. मी त्यांच्यापुढं मान खाली घालून उभा राहिलो तेव्हा ते इतके हसले की टोपी पडली.

"मियाँ, मी चुकीचं सांगितलं की लोक मारायला येतात. तू सांगितलं की नारळ फोडतात! अरे, चुकीचं सांगायला आधी बरोबर माहीत पाहिजे. नेम धरून चुकायचं असतं. तू नुसताच चुकलास."

नुसतंच चुकणं हा माझा विषय. तो मी पुढंही नीट सांभाळला.

भूकंप झाला तेव्हा मी अजून शाळेवरच होतो; गणपती बोळवून लोक झोपलेले होते. आमच्या गावात भिंतींना चिरा गेल्या, वेशीची कमान खाली आली, तीनचार माणसं जखमी झाली. तेरणेकाठची गावं मात्र उरलीच नाहीत. दगडमातीची घरं, वर हातभर मातीचं माळवद. सगळं झोपलेल्या माणसांवर बसलं.

त्यातल्या एका गावात शिवलिंगप्पा राहायचे. किराणा दुकान होतं त्यांचं, सगळे त्यांना अप्पा म्हणायचे. मास्टरसाब आणि ते लहानपणी एका बाकावर बसलेले आणि पुढं एका बोर्डिंगात राहिलेले. साऱ्या मुलखात मास्टरसाबांच्या गळाला न लागणारा हा एकच माणूस. मास्टरसाबांनी काही चुकीचं बोलायला तोंड उघडलं की अप्पा तागडीवरनं नजर न काढता म्हणायचे, "मास्तर, गळ दुसऱ्या तळ्यात टाक." मग मास्टरसाब मुकाट्यानं जे खरं होतं ते सांगायचे, आणि दोघं माजघरात जेवायला बसायचे. गंगव्वाकाकू, अप्पांच्या बायको, ज्वारीची भाकर वाढताना म्हणायच्या, "भावजी, आज काय खोटं आणलाव?" मीही दोनदा तिथल्या दुकानाच्या पायरीवर चहा प्यालो होतो. आत मात्र गेलो नव्हतो.

त्या रात्री अप्पा राखणीला शेतात होते. गंगव्वाकाकू आणि लेक माजघरातच ढिगाऱ्याखाली गेल्या.

आम्ही गेलो तेव्हा वाचलेल्या लोकांना गावाबाहेर माळावर पत्र्याच्या शेडांत ठेवलेलं होतं. अप्पा एका शेडात पत्र्याकडं तोंड करून बसलेले. बोलत नव्हते. कुणी घास तोंडाशी नेला तर कधी तोंड उघडायचे, कधी नाही. त्यांच्या शेजारची धोंडाबाई, तिचंही बरंच गेलं होतं, ती मास्टरसाबांना बाजूला घेऊन म्हणाली, "मास्तर, ह्ये माणूस असंच ऱ्हायलं तर दिवाळी बघत न्हाई. तुमच्यासंगं तरी बोलतंय का बघा."

मास्टरसाब अप्पांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांच्या तोंडून मी त्या दिवशी एकही चुकीचं वाक्य ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला त्यांची भीती वाटायला लागली.

खरं तर त्या माळावर बोलत कुणीच नव्हतं. रोज मोटारी यायच्या, माणसं उतरायची, विचारायची. घरात किती होते, किती गेले, काय गेलं. लोक तेच तेच सांगून आतून बंद झाले होते. कुणी नवं माणूस दिसलं की पोरंसुद्धा पत्र्याआड व्हायची.

एका सकाळी मास्टरसाब शेडांच्या मधल्या मोकळ्या जागेत उकिडवे बसले, बाभळीची काटकी घेतली आणि मातीत रेघा ओढायला लागले. स्वतःशीच, पण ऐकू जाईल असं बोलत होते. "हे मारुतीचं देऊळ... आणि ह्याच्या म्होरं, उजव्या अंगाला, कुंभाराचं घर..."

कुणी हललं नाही.

"...आणि हितनं वाट सरळ नदीला."

धोंडाबाई लसूण सोलत होती. तिनं दोनदा मान झटकली. शेवटी राहवलं नाही. "सरळ कुठली वो मास्तर? चिंचेपसनं वळती की वाट!"

"चिंच? कंची चिंच?"

"आता घ्या! कंची चिंच म्हणं! आणि कुंभार म्होरं कधीपसनं आले? देवळाच्या मागं ऱ्हातेत त्ये." ऱ्हातेत म्हणाली आणि थांबली. मग उठली, पदर खोचला, येऊन मास्टरसाबांच्या हातातली काटकी घेतली. "सरका. शिकिवता काय असलं शाळेत?"

मग एक म्हातारा आला, त्यानं धोंडाबाईची चिंच खोडली. मग त्याची चूक दाखवायला त्याचा पुतण्या आला. दुपारपर्यंत अर्धा माळ तिथं जमला आणि भांडण असं रंगलं की मोटारीतून उतरलेले लोक घाबरून लांब थांबले. घराला घर लागत गेलं. कुणी आपल्या घरावर खडा ठेवला, कुणी चिंचोका. एकजण आपल्या घरावर खडा ठेवता ठेवता तिथंच बसला आणि पहिल्यांदा ओक्साबोक्शी रडला. बाकीचे त्याच्याभोवती नुसते उभे राहिले, त्याच्या घराच्या रेघेवर पाय पडणार नाही असे.

रात्रीत शेळ्या तुडवून जायच्या, सकाळी मास्टरसाब पुन्हा काढायचे, पुन्हा चुकायचे. लोक वाट बघायचे त्यांची. आज काय चुकवतेत म्हणून.

यात मी काय केलं, तर तालुक्याला जाऊन ओळख काढून गावठाणाचा खरा नकाशा मिळवून आणला. छापील, प्रमाणबद्ध, उत्तर दिशा दाखवलेला. माझी छाती फुगलेली. मोठ्या आनंदानं मी तो मातीवर पसरला आणि चार कोपऱ्यांवर दगड ठेवले. लोक वाकून बघायला लागले. बघत राहिले. नकाशा बरोबर होता, त्यामुळं कुणालाच काही बोलायचं उरलं नाही. जरा वेळानं एकेकजण आपापल्या शेडाकडं गेला. धोंडाबाई म्हणाली, "चांगलाय," आणि लसूण घेऊन बसली.

मास्टरसाबांनी दगड काढले, नकाशाची गुंडाळी करून माझ्या हातात दिली. "जा, तालुक्याला देऊन ये. आणि चालत जा." गेलो. बरंच लांब होतं.

पुढं तो मातीतला नकाशा मास्टरसाबांनी शाळेतल्या आशिया खंडाच्या नकाशाच्या मागच्या कापडावर उतरवला. तेलरंगात. हेडमास्तरांनी नोटीस काढली, मास्टरसाबांनी तिच्यात दोन चुका दाखवून परत पाठवली. नव्या वस्तीतल्या समाजमंदिरात तो आजही टांगलेला आहे. लग्नकार्याला आलेले लोक त्याच्यापुढं उभे राहून अजून भांडतात. मास्टरसाब आता नाहीत. त्यांचं पुस्तक काही झालं नाही, कारण त्यांच्या मते एकही भांडण पुरतं मिटलं नव्हतं. पण हे सगळं नंतरचं.

मातीतल्या त्या नकाशात पेठेच्या ओळीत एक जागा मोकळी राहायची. सोनाराचं घर, मग मोकळी माती, मग गिरणी. धोंडाबाईनं एकदा हळूच म्हटलं, "अप्पाचं राहिलं की मास्तर." मास्टरसाब म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." परत येताना मी विचारलं तर म्हणाले, "दुसऱ्याचं घर चुकवतो रे मी. त्या घरात जेवलोय. हात वळत नाही. आणि चुकवून तरी काय? त्याला माझा गळ दुरून दिसतो. उगं जखमेत बोट."

अप्पांनी तोवर घास घेणं जवळपास सोडलं होतं. पाण्यावर होते. डॉक्टर दंडाला सुई टोचून जायचा आणि जाताना मान हलवायचा.

त्या दिवशी मी गोणीभर घोंगड्या घेऊन पोचलो. मास्टरसाब अप्पांच्या शेडात होते, वाटीत भाकर कुस्करून हातात धरून. अप्पा पत्र्याकडं तोंड करून. शेडाला समोरनं दार नव्हतंच, त्यामुळं आतनं नकाशा दिसायचा. बाहेर लोक घोंगड्यांपाशी गेले आणि नकाशापाशी मी एकटा उरलो. ती मोकळी जागा माझ्या डोळ्यांत खुपायला लागली. मी आयुष्यात कधी उत्तर कोरं सोडलेलं नाही, येत नसेल तरी. काटकी उचलली आणि अप्पांचं घर काढायला बसलो.

कसलाही नेम धरलेला नव्हता. मला खरंच वाटत होतं की मी मदत करतोय. पुढं दुकान, पायरी, इथवर ठीक. आत आमच्या देगलूरच्या घरासारखंच असणार म्हणून मी मनानंच खोल्या पाडत गेलो. स्वैपाकघर. परसू. एका कोपऱ्यात छोटा चौकोन काढला आणि मोठ्यानं म्हणालो, "हे देवघर."

"अय."

आवाज इतका खरखरीत होता की मला वाटलं पत्रा घासला.

"अय, देगलूर." अप्पांनी मान वळवली होती. "तिथं न्हाणी हाय."

माझ्या हातातली काटकी तशीच राहिली. मागं मास्टरसाबांच्या हातातली वाटी कलंडली.

"न्हाणीत देव बसिवलास व्हय रे येड्या?" अप्पा म्हणाले. "गंगव्वानं बघितलं तर घरात घेती का तुला?" मग मास्टरसाबांकडं वळले. "ह्येला मास्तर कुणी केलं रे?"

"सरकारनं," मास्टरसाब म्हणाले. "मी न्हाई केलं. खुदा की कसम, मी न्हाई."

"ह्यो तुजा गळ न्हवं?"

"न्हाई अप्पा. ह्यो खराच गाढव हाय."

अप्पांनी माझ्याकडं बारकाईनं बघितलं. खात्री पटली असावी. पत्र्याला धरून ते उठले. मास्टरसाब पुढं झाले तर त्यांना हातानं बाजूला केलं. नकाशापाशी येऊन बसले. माझं देवघर तळव्यानं पुसलं, तळवा कपाळाला लावला आणि मग काटकी मागितली.

"ही ढेळज, दारालगतची. हितं पोती असायची. हे बळद, ज्वारी साठवायचं. हितनं न्हाणी, परसाकडं. देवघर हे, उगवतीला." एकेक रेघ ते सावकाश ओढत होते, प्रत्येक रेघेनंतर थांबून श्वास घेत होते. घोंगड्या घेतलेले लोक परत आले होते, पण कुणी जवळ येत नव्हतं. धोंडाबाई लांबूनच तोंडाला पदर लावून उभी होती. आज पहिल्यांदाच कुणी काही दुरुस्त करत नव्हतं.

सगळं घर झालं. मधली जागा राहिली. माजघराची.

अप्पांची काटकी तिथं आली आणि थांबली. मातीवर टेकली, पण सरकेना. मी बघितलं, त्यांच्या हाताच्या शिरा ताणल्या होत्या. मग काटकी मास्टरसाबांपुढं केली.

"ह्ये तू काढ," ते म्हणाले. "पर चुकू नको."

मास्टरसाब गुडघ्यांवर बसले. टोपी काढून बाजूला ठेवली. काटकी हातात घेतली आणि देवघराच्या बाजूनं रेघ सुरू केली, इतकी हळू की माती हलताना दिसत होती. एक भिंत. मग दुसरी. तिसरी भिंत ओढताना ते अर्ध्यावर थांबले आणि अप्पांकडं बघितलं. उभ्या आयुष्यात मास्टरसाबांनी कुणाला खरं काय ते विचारल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं.

"इथवर?" त्यांनी विचारलं.

अप्पांनी मातीकडं बघितलं.

"अजून जरा," ते म्हणाले. "तिची बाज मावली पायजे."

मास्टरसाबांनी रेघ पुसली आणि जरा पलीकडून पुन्हा ओढली.